पायाखालची वस्तू

पाडव्याच्या मुहूर्तावर यंदा ज्या घरांत नवी सायकल येणार आहे, त्या घरांनी खरेदीला निघण्यापूर्वी एवढे पान वाचून निघावे. पूर्वी सायकल घेतली जाई ती कचेरीला, नाही तर कॉलेजला जाण्यासाठी. आता दारात मोटार उभी असलेला पंचेचाळिशीचा गृहस्थ पहाटे पाचला उठतो, डोक्यावर हेल्मेट चढवतो, खडकवासल्यापर्यंत जाऊन येतो आणि चहाच्या टेबलावर बायकोला किलोमीटरांचा हिशेब देतो. बायकोही आता निमूटपणे ऐकून घेत नाही. पुढच्या रविवारी तीच आधी तयार असते. ही हौस मला मनापासून आवडते. तक्रार एवढीच, की ही मंडळी फ्रेम कसली, गिअर किती, वजन किती याची चर्चा महिनाभर करतात आणि पेडलाचा विचार दुकानात बिल फाडताना दोन मिनिटांत उरकतात.

यात दोष सगळा गिऱ्हाइकाचा नाही. शर्यतीच्या धाटणीची महाग सायकल बहुधा पेडलांवाचूनच विकली जाते. जेवणाचे आमंत्रण आहे, पाट-पाणी ज्याने त्याने आणावे, अशातला प्रकार! मग शेजारी उभा असलेला जाणता मित्र जे सांगेल ते पायाखाली येते.

परवा माझा पुतण्या असाच सल्ला घेऊन माझ्याकडे आला.

"काका, दुकानदार विचारतो, साधी घालू की क्लिपची? आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांची क्लिपची आहेत. पाय नुसता खाली दाबायचा नाही, वरही ओढायचा. जोर दीडपट होतो म्हणे."

"आणि चौकात थांबताना पाय सुटतो का?"

"ते काय, सवयीनं जमतं म्हणतात."

सवयीने जमते हे खरेच. पण सवय लागण्यापूर्वीच्या पंधरवड्यात काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या ओळखीचे बँकेतले एक गृहस्थ नवी पेडले घालून एका गजबजलेल्या चौकात आले. दिवा लाल झाला. सायकल थांबली. गृहस्थांनी पाय खाली टेकवायला म्हणून वर उचलला, तो उचलेना. आणि मुळाशी तोडलेल्या शेवग्यासारखे ते उभ्या जागी आडवे झाले. वेग शून्य, हातात ब्रेक, दोन्ही पाय सायकलीला जखडलेले! दैव बलवत्तर म्हणून ते डावीकडे पदपथावर पडले आणि कोपर खरचटण्यावर निभावले. उजवीकडे बस उभी होती, आणि बसचा दिवा कोणत्या क्षणी हिरवा होईल हे कोणाच्या हातात नव्हते.

म्हणून पेडल निवडताना पहिला प्रश्न, ते पाय किती घट्ट धरते हा नव्हे. किती खात्रीने सोडते हा आहे. गंमत म्हणजे, या पेडलांचा इतिहासही हेच सांगतो. जुने शर्यतवाले पेडलाच्या पुढच्या अंगाला पोलादी पिंजरा बसवीत, त्यात बुटाचे टोक घालीत आणि वरून चामडी पट्टा आवळीत. पाय पक्का बसे. पण उतरायचे तर आधी वाकून हाताने पट्टा सैल करावा लागे. १९७० च्या सुमारास इटलीतल्या चिनेली कंपनीने पिंजरा काढून टाकून बूट थेट पेडलात अडकवण्याची युक्ती केली, पण तीही सोडवायची ती हातानेच. त्या पेडलाला सायकलवाल्यांनी 'मरणाचे पेडल' असे नाव ठेवले, आणि ते फारसे चालले नाही यात नवल नाही.

कोडे सुटले ते बर्फावर. लूक ही फ्रान्समधली कंपनी मुळात स्कीच्या खेळातले बंध करणारी. बर्फावरून घसरत येणारा माणूस पडला आणि बूट त्या लांब पट्टीतून सुटला नाही, तर पायाचे हाड पिचते. म्हणून ठरावीक जोराचा पीळ बसताच बूट आपोआप मोकळा करणारा बंध या कंपनीला करता येत होता. तोच तिने १९८४ साली पेडलावर आणला. पाऊल खाली दाबले की खट्ट करून अडकते. टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटते. १९८५ साली बर्नार इनो याने ही पेडले वापरून 'टूर द फ्रान्स' जिंकली आणि थोड्याच वर्षांत पट्टेवाले पिंजरे शर्यतींतून हद्दपार झाले. पुढे १९९० मध्ये जपानच्या शिमानोने एसपीडी नावाची लहान धातूची जात काढली. या सगळ्यांना इंग्रजीत 'क्लिपलेस' म्हणतात, म्हणजे बिनक्लिपची. आणि आपण त्यांनाच क्लिपची म्हणतो! गेला तो जुना पिंजरा म्हणजे क्लिप, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे दुकानात गोंधळ होणार नाही.

आता त्या दीडपट जोराकडे वळू. पाय वर ओढल्याने फायदा होतो ही समजूत फार जुनी आहे आणि ऐकायला पटणारीही आहे. पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरावाच्या सायकलस्वारांना निरनिराळ्या रीतींनी पेडल मारायला लावून त्यांचा श्वास मोजला, तेव्हा मुद्दाम पाय वर ओढण्याची रीत सर्वांत खर्चिक ठरली. तेवढ्याच कामाला शरीर जास्त प्राणवायू खाऊ लागले! कारण साधे आहे. मांडीचे आणि नितंबाचे मोठे स्नायू खाली रेटण्यासाठी घडलेले आहेत. वर येणाऱ्या पायाने आपले ओझे दुसऱ्या पायावर टाकले नाही, एवढेच त्याच्याकडून पुष्कळ झाले.

मग क्लिपच्या पेडलांत काहीच नाही का? आहे. मिनिटाला नव्वद-शंभर फेरे घेताना, खडबडीत रस्त्यावर, किंवा घाटात उभे राहून पेडल मारताना पाऊल जागचे हलत नाही. बुटाचा तळ कडक असल्याने जोर मधल्यामध्ये वाकण्यात जात नाही, आणि दहा तासांच्या रपेटीत पावलाला थकवा कमी येतो. दोनशे किलोमीटरांची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पुरी करावयाची असते. अशा नादी लागलेल्याला ही पेडले हवीशी वाटतील, आणि वाटावीत. पण सकाळी तीस किलोमीटर जाऊन वाटेत मिसळ खाऊन परतणाऱ्याचे काम चांगल्या सपाट पेडलावर तितकेच उत्तम होते. हे त्याला दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून येथे सांगतो.

चांगले सपाट पेडल कोणते? आपल्या वाडवडिलांच्या काळ्या सायकलीला रबरी ठोकळ्यांचे पेडल असे. ते चपलेला सोयीचे आणि टिकाऊ. पण पावसात ओले झाले आणि रबर झिजलेले असले, की पाय असा सटकतो की नडगी आणि क्रँक यांची भेट ठरलेलीच. रस्त्यावर लांब जावयाचे तर बुटाच्या रुंदीइतके ऐसपैस पेडल घ्यावे आणि त्याच्या दोन्ही अंगांना बारीक धातूच्या खुंट्या असाव्यात. मजबूत नायलॉनचे असले तरी चालते. खुंट्या बुटाचा तळ धरून ठेवतात आणि पाय उचलताच सोडतात; शिकवणी लागत नाही. त्या नडगीला ओरखडतात हे मात्र कबूल. बूट सपाट तळाचा, फार मऊ नसलेला हवा. चप्पल नको. आणि पाऊल ठेवताना चवडा पेडलाच्या आसावर यावा. पुष्कळजण पावलाच्या खोलगटाने किंवा चक्क टाचेने पेडल मारतात आणि मग सीट बरोबर नाही म्हणून सीटला दोष देत बसतात.

ज्यांना क्लिपचेच हवे, त्यांनी तीन स्क्रूंची रुंद क्लीट आणि दोन स्क्रूंची लहान क्लीट यांतला फरक पाहावा. क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला बसवायचा तुकडा. तीन स्क्रूंची शर्यतीसाठी. ती प्लॅस्टिकची असते, तळाबाहेर येते. तिच्यावर चालणारा माणूस बदकासारखा चालतो, गुळगुळीत फरशीवर घसरतो आणि क्लीट लवकर झिजते. आपल्या रस्त्यावर रेल्वेचे फाटक लागते, चिखल लागतो, चहाची टपरी लागते. तेव्हा बुटाच्या तळात बुडून राहणारी एसपीडीची लहान क्लीट मला आपल्याकडे अधिक शहाणपणाची वाटते. तीतही अनेक दिशांनी सुटणारी एक जात मिळते. नवख्याने तीच मागावी. पेडलाच्या एका अंगाला क्लिप आणि दुसरे अंग सपाट असाही प्रकार आहे. शहरातून जाताना सपाट बाजू, मोकळा रस्ता लागला की क्लिपची. पुतण्याला मी तीच घ्यायला लावली. ग्रुपमध्ये थोडी थट्टा झाली म्हणे. होऊ दे.

पकड किती घट्ट ठेवायची त्याचा लहानसा स्क्रू पेडलावरच असतो. नव्याने घेतल्यावर तो सर्वांत सैल बाजूला आणून ठेवावा. मग भिंतीला एक हात लावून, उभ्या सायकलीवर, पाय अडकवणे आणि सोडवणे पन्नास वेळा करावे. हे फार कंटाळवाणे आहे. पण घाबरलेला माणूस पाय वर उचलतो आणि हा कुलुपाचा प्रकार टाच बाहेर वळवल्यावाचून उघडत नाही, म्हणून ते डोक्यापेक्षा पायाला पाठ व्हावे लागते. नंतर मोकळ्या मैदानावर, शक्य तर हिरवळीवर. तेथे एकदा पडून घ्यावे म्हणजे हौस फिटते! रस्त्यावर आल्यावर थांबण्याच्या आधी, सायकल चालू असतानाच पाय सोडवावा, आणि तो डावा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. तोल गेलाच तर तो वाहनांकडे न जाता कडेकडे जावा. मागे बसायला सीट असलेल्या सायकलीवर मूल बसवून, किंवा शाळकरी मुलांच्या सायकलीवर, हे प्रकरण मुळीच नको. याला माझी सवलत नाही.

गुडघ्याची गोष्ट निराळी. क्लीट वाकडी बसली तर पाऊल दर फेऱ्याला त्याच वाकड्या कोनात फिरते, आणि तासाला चारपाच हजार फेरे होतात. म्हणून पावलाला इकडे तिकडे किंचित फिरायला मुभा असलेली क्लीट घ्यावी. शिमानोच्या शर्यती क्लीटांत लाल रंगाची मुळीच हलू देत नाही, निळी दोन अंश, पिवळी सहा अंश. लाल रंग देखणा दिसतो म्हणून घेणारे मी पाहिले आहेत. तुम्ही पिवळी घ्या. आणि गुडघा दुखू लागला तर सहनशक्ती दाखवू नये. क्लीट तपासून घ्यावी.

आणखी एक. साध्या पेडलांना पुढे-मागे पिवळसर परावर्तक असतात. मागून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यात ते वरखाली नाचताना दिसतात आणि ही सायकल आहे हे ड्रायव्हरला लांबूनच कळते. क्लिपच्या पेडलांना ते बहुधा नसतात. पहाटेच्या अंधारात निघणाऱ्यांनी बुटाच्या टाचेला चकाकणारी पट्टी चिकटवावी. दिवा लावायचा तो लावायचाच.

राहता राहिले पेडल बसवणे. घरी बसवायला हरकत नाही, पण उजव्या पेडलाचे आटे नेहमीसारखे आणि डाव्याचे उलटे असतात. विमानवाल्या राइट बंधूंचे सायकलीचे दुकान होते, आणि १९०० साली त्यांनी आपली पेडले आपोआप सुटत नाहीत अशी जाहिरात केली ती या आट्यांच्या जोरावर. त्यामागचा चमत्कार मुलांना दाखवण्याजोगा आहे. पेन्सिल सैल मुठीत धरावी आणि तिचे बाहेरचे टोक बोटाने गोल फिरवावे. टोक जिकडे फिरते त्याच्या उलट दिशेला पेन्सिल मुठीत फिरू लागते. पेडलाचा आस क्रँकमध्ये असाच हळूहळू फिरू पाहतो, आणि आटे असे कापलेले आहेत की त्या फिरण्याने तो सैल न होता आवळला जावा.

आसाच्या टोकावर डाव्या-उजव्याचे इंग्रजी अक्षर कोरलेले असते ते पाहावे, आट्यांना ग्रीस लावावे आणि आधी नुसत्या बोटांनी दोन-तीन फेरे फिरवावे. बोटांनी फिरत नसेल तर पाना लावू नये. पेडल चुकीच्या बाजूला तरी आहे किंवा तिरपे तरी चालले आहे, आणि ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे एकदा गेले की क्रँकच बदलावी लागते. पान्याचा दांडा वर उभा धरला, की दोन्ही पेडले पुढच्या चाकाकडे ओढून घट्ट होतात आणि मागे ओढून सैल होतात. पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर पाना पुन्हा एकदा लावून पाहावा, आणि सुरुवात डाव्यापासून करावी.