धर्मशिक्षणाच्या तासाला मुलांनी प्रश्न विचारायला हवेत



परिसर अभ्यासाच्या तासाला एखाद्या मुलाने "समुद्रात आधीच एवढं पाणी आहे, मग पाऊस तिथे कशाला पडतो?" असं विचारलं तर आपल्याला किती बरं वाटतं. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत आपण लगेच लिहितो, 'जिज्ञासू आहे, स्वतःहून प्रश्न विचारतो.' पण त्याच मुलाने धर्मशिक्षणाच्या तासाला "देव सगळीकडे आहे ना, मग रविवारी चर्चलाच का जायचं?" असं विचारलं की आपण जरा गडबडतो. "असं विचारायचं नसतं, बाळा" म्हणून पुढच्या प्रार्थनेकडे वळतो. नोंदवहीत काही लिहायचा तर प्रश्नच येत नाही.

कॅथलिक प्राथमिक शाळेत शिकवताना मला ही विसंगती रोज दिसते. मराठी, गणित, परिसर अभ्यास या विषयांत आपण ज्ञानरचनावाद आणला. घोकंपट्टी नको, मुलाने स्वतः विचार करून शिकावं, हे डी.एड.ला असल्यापासून आपण ऐकतोय. मात्र आठवड्यातल्या या एका तासाला आपण जुन्याच वाटेने चालतो. माझं मत स्पष्ट आहे. धर्मशिक्षणाची तोंडी परीक्षा आणि गुण बंद करावेत आणि तो तास मुलांच्या प्रश्नांसाठी मोकळा करावा. त्याने श्रद्धा कमी होणार नाही, उलट ती टिकेल.

सध्या काय चालतं?

वसई भागातल्या आपल्या शाळांचं चित्र बहुतेकांना माहीत आहे. वर्गात कॅथलिक मुलं असतात, तशीच हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुलंही असतात. धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुलं एका खोलीत जातात आणि बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा तास होतो. ही विभागणी कोणाच्या लहरीवर झालेली नाही. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर कलम २८ सांगतं की शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धर्मशिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. दोन्ही कलमं आपल्याला सारखीच बांधील ठेवतात.

आता त्या खोलीत काय होतं ते पाहू. प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, दहा आज्ञा, सात संस्कार, जपमाळेची रहस्यं. एक मूल म्हणतं, बाकीची ऐकतात. प्रथम कम्युनियनचं वर्ष असेल तर धावपळ आणखी वाढते. गेटवर आया एकमेकींना विचारतात, "तुझ्या पोराचं पाठ झालं का गं?" पोर बिचारं सात संस्कारांपैकी सहा सांगतं आणि सातव्याला अडकतं. घरी ओरडा बसतो. ज्या दिवसाची आनंदाने वाट पाहायची, त्याचीच धास्ती बसते. देव म्हणजे वरून पाहणारा एक परीक्षक, अशी समजूत या वयात झाली की ती पुढे सहज पुसली जात नाही. "दृढीकरण झालं की पोरं चर्चला दिसतच नाहीत" ही तक्रार आपण सगळेच करतो. परीक्षा संपली की पुस्तक बंद करायचं, हे आपणच तर त्यांना शिकवलेलं असतं.

परंपरा काय सांगते?

प्रश्न विचारणं म्हणजे श्रद्धेला आव्हान, असं काहींना वाटतं. पण शुभवर्तमान उघडून पाहा. येशूच्या जन्माच्या कथा सोडल्या तर त्याच्या बालपणाचा एकच प्रसंग त्यात आला आहे. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडतो तो. तिथे तो काय करत होता? गुरुजनांमध्ये बसून त्यांचं ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. प्राथमिक शिक्षकाला याहून मोठा आधार कोणता हवा?

मोठेपणीही त्याची शिकवण्याची रीत तीच राहिली. "माझा शेजारी कोण?" या प्रश्नावर त्याने व्याख्या दिली नाही. वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. याजक पुढे निघून गेला, लेवी पुढे निघून गेला. थांबला तो शोमरोनी, म्हणजे ऐकणारे ज्या लोकांचा दुस्वास करत त्यांच्यातला एक. मग येशूनेच उलट विचारलं की या तिघांपैकी शेजाऱ्यासारखा कोण वागला? उत्तर विचारणाऱ्याकडूनच काढून घेतलं. आपल्या भाषेत हीच कृतियुक्त अध्यापन पद्धती. मोहरीचा दाणा, पेरणारा शेतकरी, हरवलेलं मेंढरू, घर झाडून शोधलेलं नाणं, ही सगळी आजूबाजूचीच शैक्षणिक साधनं होती.

प्रथम कम्युनियनच्या परीक्षेचं म्हणाल तर १९१० सालचा पोप दहावे पायस यांचा आदेश आठवावा. त्याआधी अनेक ठिकाणी मुलांना बारा-चौदा वर्षांपर्यंत थांबवून ठेवत. पायस यांनी ते वय साधारण सातवर आणलं. श्रद्धेतल्या मुख्य गोष्टी मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे कळाव्यात आणि साधी भाकर व ख्रिस्तप्रसाद यांतला फरक त्याला ओळखता यावा, एवढी त्यांची अपेक्षा होती. सगळ्या सिद्धांताचं संपूर्ण ज्ञान हवं, अशी अट नव्हती. मग ती अट आपण कुठून आणली?

पाठांतराला माझा विरोध नाही

हे मुद्दाम लिहितो, कारण गैरसमज होऊ शकतो. पाठांतराची स्वतःची एक जागा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातून गोव्यात आलेला जेझुइट धर्मगुरू. त्याने मराठी शिकून 'ख्रिस्तपुराण' रचलं आणि ते १६१६ साली छापलं गेलं. त्याने ते ओवीत का लिहिलं असेल? ओवी कानाला गोड लागते, तोंडात बसते आणि माणसांच्या ओळखीची असते. आपल्या आज्या जपमाळ म्हणतात तेव्हा ओठ आपोआप हलतात. दुखण्यात, एकटेपणात, सगळं विसरलेल्या म्हातारपणातही त्या प्रार्थना सोबत करतात. ही शिदोरी मुलांना मिळालीच पाहिजे.

पण ती मिळते रोज संध्याकाळी घरात एकत्र म्हटल्याने. छडीच्या किंवा गुणांच्या धाकाने ती मिळत नाही. पाठ झालेल्या शब्दांचा अर्थ मुलाला कधीतरी विचारावासा वाटला, तर तो विचारायला एक हक्काची जागा हवी. ती जागा म्हणजे आपला तास.

संत गोन्सालो गार्सियाचंच उदाहरण घ्या. आपल्या वसईचा हा सुपुत्र. १५९७ साली जपानमध्ये नागासाकी इथे तो हुतात्मा झाला आणि १८६२ साली त्याला संतपद मिळालं. दोन्ही सालं मुलांकडून घोकून घेता येतात. पण चौथीतलं मूल विचारतं, "सर, त्याला भीती नसेल वाटली?" खरा धडा इथे सुरू होतो. "तुम्हाला कधी खरं बोलायची भीती वाटली आहे का?" एवढं विचारलं की वर्ग अर्धा तास बोलत राहतो. सालं मग आपोआप लक्षात राहतात.

सर्वांत अवघड प्रश्न

मिश्र वर्गात एक प्रश्न कधी ना कधी येतोच. "माझी मैत्रीण गणपतीला मानते. ती स्वर्गात नाही का जाणार?"

हा प्रश्न टाळायचा नाही. तास संपला की ती दोघी शेजारी बसून एकाच डब्यातलं खाणार आहेत. आपण गप्प राहिलो तर मूल त्याचं उत्तर दुसरीकडून मिळवेल आणि ते कडवटही असू शकेल.

ख्रिस्तसभेने याचं उत्तर दिलेलं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं की ज्यांना स्वतःचा काही दोष नसताना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारणाची आशा आहे. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, परिषदेने ख्रिस्तेतर धर्मांविषयीचं घोषणापत्र काढलं. त्या धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असं त्यात आहे. गंमत म्हणजे ख्रिस्ती शिक्षणाविषयीचं घोषणापत्रही त्याच दिवशी निघालं. शिक्षण आणि परधर्माचा आदर, दोन्ही एकाच तारखेला. आपल्या शाळांना याहून योग्य मार्गदर्शन कोणतं?

तेव्हा त्या मुलीला मोकळेपणाने सांगता येतं, "देव तुझ्या मैत्रिणीवरही तेवढंच प्रेम करतो. तू तुझी प्रार्थना मनापासून कर आणि तिच्या प्रार्थनेची चेष्टा कधी करू नकोस." एवढं पुरतं.

दुसरा अवघड प्रश्न दुःखाचा. "आम्ही आजोबांसाठी रोज जपमाळ म्हटली. तरी ते का गेले?" इथे गोड बोलून वेळ मारून नेऊ नये. येशू स्वतः मित्राच्या, लाजरसाच्या, कबरीपाशी रडला होता आणि क्रुसावरून त्यानेही 'का?' असंच विचारलं होतं, हे मुलाला सांगावं. ज्याचं उत्तर आपल्याकडे नाही ते नाही म्हणावं आणि त्या मुलाजवळ थोडा वेळ बसावं.

तास कसा घ्यावा?

मी चौथीला शोमरोन्याची गोष्ट घेतो तेव्हा आधी गोष्ट सांगत नाही. "वसई स्टेशनबाहेर एखादा माणूस चक्कर येऊन पडला तर लोक काय करतात?" इथून सुरुवात करतो. उत्तरं भराभर येतात. "गर्दी करतात." "व्हिडिओ काढतात." "दारू प्यायला असेल म्हणतात." मग गोष्ट. मग तिघांच्या मनात काय चाललं असेल ते मुलांनी बोलून दाखवायचं. एकदा एका मुलीने विचारलं, "याजकाला खरंच मंदिरात जायला उशीर होत असेल तर?" त्यावर वर्गात दोन तट पडले. उशीर झाला तरी चालेल असं म्हणणाऱ्यांना दुसऱ्या बाजूने विचारलं, "मग तू मिस्सा चुकवशील?" असा वाद मला हवाच असतो. शेवटी घरचा अभ्यास एकच: घरातल्या मोठ्या माणसाला विचारून या, "तुम्हाला अनोळखी माणसाने कधी मदत केली का?"

आणखी दोन साध्या गोष्टी करता येतात. वर्गात एक प्रश्नपेटी ठेवावी. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची आणि महिन्यातून एकदा धर्मगुरू किंवा सिस्टर यांना बोलावून त्या चिठ्ठ्यांवर बोलायचं. दुसरं, उपवासकाळात मुलं चॉकलेट सोडतात, ते ठीकच आहे. पण वाचलेले पैसे कुठे जावेत, हे मुलांनीच बसून ठरवावं.

काही आक्षेप

"पस्तीस मिनिटांत पन्नास मुलांचे प्रश्न कसे घ्यायचे?" सगळे घ्यायचेच नाहीत. एका तासाला एकच प्रश्न नीट घेतला तरी वर्षभरात पंचवीस-तीस प्रश्न होतात.

"आम्हाला उत्तर आलं नाही तर?" फादरांना विचारून सांगतो, म्हणावं. मुलांचा त्याने विश्वास वाढतोच.

"पालकांना पाठांतर हवं असतं." हे खरं आहे. म्हणूनच पालकसभेत सांगायला हवं की त्याच १९६५ च्या घोषणापत्राने आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटलं आहे. प्रार्थना घरी म्हणा, बायबल घरी वाचा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' सोप्या मराठीत आहे. जेवणानंतर दहा मिनिटं वाचलं तरी खूप. घरात टीव्हीच्या आवाजात जपमाळ उरकायची आणि शाळेकडून भक्तिमान मूल मागायचं, हे जमणार नाही.

"श्रद्धेचा विषय विज्ञानासारखा शिकवायचा का?" नाही. धर्मात काही सत्यं आपल्याला मिळालेली आहेत, ती मुलांनी मतदान करून ठरवायची नाहीत. पण मिळालेली गोष्ट हातात घेऊन उलटसुलट पाहिल्याशिवाय ती आपली होत नाही. नुसती जपून ठेवलेली वस्तू माणूस कपाटात विसरून जातो.

जूनमध्ये नव्या वर्षाचं वेळापत्रक बनेल. त्यात धर्मशिक्षणाचा तास असेलच. मुख्याध्यापकांशी, धर्मगुरूंशी बोलून त्यापुढचा गुणांचा रकाना काढून टाकता येतो का, एवढं यंदा पाहावं. त्या रकान्याच्या जागी मुलाने वर्षभरात विचारलेला एखादा चांगला प्रश्न लिहिला तर प्रगतिपुस्तक वाचताना आईबापही क्षणभर थांबतील आणि कदाचित त्या रात्री घरात त्या प्रश्नावर बोलणं होईल.