किरकोळ धडक आणि कोजागिरीचा रस्ता

जानेवारी हा रस्ता सुरक्षेचा महिना असल्यामुळे या आठवड्यातही शाळाशाळांतून मुलांकडून शपथ वदवून घेतली गेली, आणि सायकल चालवणाऱ्याने डाव्या कडेने जावे, घंटी वाजवावी, मागे वळून पाहावे, हा उपदेश नव्याने झाला. उपदेशात चूक काही नाही. परंतु सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीसारख्या गावात ही शपथ घेणाऱ्या मुलांच्या शेजारून याच महिन्यात उसाने भरलेल्या ट्रॉल्या जात असतात, आणि सावधगिरीचे सर्व ओझे मात्र रस्त्यावरील सर्वांत दुबळ्या घटकावर टाकले जाते, हे पाहून संताप यावा अशीच ही स्थिती आहे.

सायकलस्वाराला बसणारी किरकोळ धडक बहुधा समोरासमोरची टक्कर नसते. मागून येणारे वाहन घासून जाते, हँडलच्या मुठीला ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या मोळीचा किंवा मोटारीच्या आरशाचा स्पर्श होतो, हँडल वळते आणि पुढचे चाक डांबराच्या कडेवरून खालच्या साइडपट्टीवर, म्हणजे रस्त्यालगतच्या मुरमाच्या पट्ट्यावर, उतरते; डांबर आणि मुरूम यांत चार बोटांची जरी पायरी असली तरी चाक पुन्हा वर चढत नाही आणि स्वार नेमका रस्त्याच्या बाजूला पडतो. गुडघा खरचटतो, मुका मार लागतो, जमलेली माणसे मुलाला उठवतात आणि प्रकरण आपसात मिटते. अशा धडकेची नोंद कोठेही होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्यावर उपायही योजला जात नाही.

कायद्याची रचनाही याला साहाय्यकारीच ठरली आहे. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 161 नुसार, धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये मिळतात. हे दर 1 एप्रिल 2022 पासून लागू आहेत. वाहन सापडले असेल तर कलम 164 नुसार चालकाची चूक सिद्ध न करताही अनुक्रमे 5 लाख व अडीच लाखांची भरपाई मागता येते. गंभीर दुखापत म्हणजे हाड मोडणे, दात पडणे यांसारखी इजा, त्यामुळे मुका मार या दोन्ही तरतुदींच्या बाहेर राहतो आणि चूक सिद्ध करण्याचा लांबचा रस्ता तेवढा उरतो. मात्र कलम 134 दुखापत लहान की मोठी असा भेद करत नाही: ज्याच्या वाहनामुळे कोणी जखमी झाले, त्या चालकाने थांबून जखमीला उपचार मिळवून दिलेच पाहिजेत. हे कलम शाळेतल्या शपथेपेक्षा अधिक मोलाचे असूनही त्याचा उच्चार क्वचितच होतो.

आता याच रस्त्याचे वर्षातील दुसरे रूप पाहावे. नवरात्रात आणि विशेषतः आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीला, सोलापूरहून आणि सीमेपलीकडच्या कलबुर्गी, विजयपूर या भागांतून भाविक तुळजाभवानीच्या दर्शनाला पायी निघतात, सोलापूर ते तुळजापूर हे सुमारे 45 किलोमीटरचे अंतर रात्रंदिवस चालतात, आणि तामलवाडीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 52 त्या दिवसांत माणसांचा रस्ता होतो. त्या वेळी प्रशासन भाविकांना परावर्तक पट्ट्या लावा, मागे पाहत चाला, एवढे सांगून थांबत नाही. ते वाहनेच हलवते. वाहतूक अन्य मार्गांनी वळवण्याचे आदेश निघतात, वळणावळणावर पोलीस उभे राहतात, ठिकठिकाणी पाण्याची व औषधोपचाराची सोय होते. उघड्या देहाचे रक्षण करायचे असेल तर जड वाहनाला आवरावे लागते, हे तत्त्व शासनाला पूर्णपणे ठाऊक आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधण्याची गरज नाही. कोजागिरीला चालणाऱ्या भाविकाचा देह आणि जानेवारीत दप्तर अडकवून सायकलवर निघालेल्या मुलीचा देह यांत लोखंडापुढे काहीही फरक नसतो. फरक आहे तो गर्दीचा. गर्दी दिसते, एकटी सायकल दिसत नाही. येथे कोणी म्हणेल की महामार्ग रोज बंद ठेवता येणार नाही. ते खरेच आहे आणि तशी मागणीही नाही. प्रश्न एवढाच आहे की जे तत्त्व वर्षातील काही दिवस पूर्णांशाने पाळले जाते, ते उरलेल्या दिवसांत अर्ध्या तासापुरतेही का पाळू नये.

राज्यातील 125 मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी 5 हजार रुपये देण्याचे धोरण आहे, आणि ते उत्तमच आहे. पण सायकल देणाऱ्या शासनाने त्या सायकलीसाठी रस्त्याची कड राखलेली नाही. जर्मनीत 2020 पासून सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर 2 मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. आपल्याकडे ‘कट मारणे’ हे चालकाचे कौशल्य समजले जाते.

उसाच्या ट्रॉल्यांविषयी या स्तंभात पूर्वीही लिहिले गेले आहे आणि कारखाने चालू असेपर्यंत लिहावे लागेल. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, परावर्तक असला तर तो लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांनी, झाकलेला, आणि दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्याने पुढची गेली म्हणून सायकल आत घेणाऱ्याला मागची घासते.

ही स्थिती बदलेपर्यंत सायकलस्वाराने काही गोष्टी पाळाव्यात. डांबराच्या अगदी कडेने न जाता हातभर आतून जावे, म्हणजे वेळ आल्यास सरकायला जागा राहते. वळणाऱ्या जड वाहनाच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नये, कारण ती चालकाला न दिसणारी जागा असते. दुभाजकातील वाट दूर आहे म्हणून उलट दिशेने जाणे तर टाळावेच: ताशी 60 किलोमीटर वेगाचे वाहन आणि 15 वेगाची सायकल एका दिशेने जात असतील तर त्यांच्या वेगांत 45 चा फरक असतो, समोरासमोर आल्यास तो 75 होतो. पडल्यावर वाहनाचा क्रमांक टिपावा, 112 किंवा महामार्गाच्या 1033 या क्रमांकावर कळवावे, आणि डोक्याला मार असेल तर उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी यांवर निदान 24 तास लक्ष ठेवावे.

परंतु हे सारे दुय्यम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 नुसार सार्वजनिक सुरक्षेसाठी एखाद्या रस्त्यावर ठरावीक वाहनांना मनाई करता येते, आणि ती मनाई एक महिन्याहून अधिक काळाची नसेल तर राजपत्रात प्रसिद्धीचीही गरज नसते. स्थानिक प्रसिद्धी पुरते. धाराशिव जिल्हा प्रशासनाने गाळपाच्या हंगामात शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी अर्धा अर्धा तास तामलवाडीच्या हद्दीत उसाच्या ट्रॉल्या थांबवाव्यात, आणि तसा आदेश याच महिन्यात काढावा.