बालआसन सोबत न्यावे की तिथेच घ्यावे? परदेशी निघालेल्या कुटुंबांपुढील कायद्याचा पेच

मुंबई : नोकरी वा शिक्षणानिमित्त परदेशी निघालेली भारतीय कुटुंबे व्हिसा, भाड्याचे घर, शाळाप्रवेश आणि आरोग्य विमा यांची तयारी महिनोन्‌महिने करीत असतात. विमानतळाबाहेर पडल्यावर पहिल्याच मोटारीत मुलाला कसे बसवायचे, हा प्रश्न मात्र बहुधा अखेरच्या आठवड्यात सुचतो. तोपर्यंत अनेकांनी भारतातच चांगल्यातले, महागडे बालआसन, म्हणजेच चाइल्ड सीट, विकत घेऊन सामानात बांधलेले असते. ते आसन ज्या देशात न्यायचे आहे तेथे कायदेशीर ठरेलच, असे नाही. उत्तम स्थितीतील आणि अपघात-चाचणीत उत्तीर्ण झालेले आसनही सीमा ओलांडताच नियमबाह्य ठरू शकते. या विसंगतीचे मूळ आसनाच्या दर्जात नाही, ते मान्यतेच्या पद्धतीत आहे.

अशा स्थलांतराची व्याप्ती आता केवळ संगणक अभियंत्यांपुरती राहिलेली नाही. जर्मनीतील बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये करार केला. परिचारिका आणि तंत्रज्ञ यांच्यासाठीही युरोपची दारे किलकिली होत आहेत. यांतील अनेक जण आज ना उद्या पत्नी, पती आणि मुलांना बोलावून घेतील. त्यामुळे वरवर किरकोळ वाटणारा हा नियम अधिकाधिक घरांपर्यंत पोहोचणार आहे.

मान्यता सीमेपुरतीच

मोटारी आणि त्यांच्या सुट्या भागांच्या मानकांबाबत जगात दोन मोठे आंतरराष्ट्रीय करार आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालील १९५८ च्या करारानुसार, तोच नियम लागू करणाऱ्या एका सदस्य देशाने दिलेली मान्यता दुसरा देश स्वीकारतो. बालआसनांसाठीचा ‘आर ४४’ आणि त्यानंतर २०१३ मध्ये लागू झालेला ‘आर १२९’ हे नियम याच करारातून आले. अशा आसनावर वर्तुळात इंग्रजी ‘ई’ हे अक्षर आणि मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक असतो : जर्मनीसाठी १, नेदरलँड्ससाठी ४, ब्रिटनसाठी ११.

अमेरिका आणि कॅनडा या कराराबाहेर आहेत. अमेरिकेत ‘एफएमव्हीएसएस २१३’ हे संघराज्यीय मानक असून, आपले आसन त्यात बसते याची ग्वाही उत्पादकालाच द्यावी लागते. कॅनडात ‘सीएमव्हीएसएस २१३’ हे स्वतंत्र मानक आहे आणि आसनावर तेथील राष्ट्रीय सुरक्षा चिन्ह असणे बंधनकारक आहे. दोन्ही देशांची सीमा लागून असूनही अमेरिकेत घेतलेले, हे चिन्ह नसलेले आसन कॅनडात चालत नाही. ऑस्ट्रेलिया १९५८ च्या करारात आहे. पण बालआसनांसाठी त्याने ‘एएस/एनझेडएस १७५४’ हे स्वतःचे मानक राखले आहे. आसनाचा माथा मोटारीला पट्ट्याने बांधण्याची पद्धत तेथे १९७० च्या दशकापासून रुजली आहे. युरोपीय वा अमेरिकी आसनाला तेथे मान्यता नाही. शेजारचे न्यूझीलंड मात्र ऑस्ट्रेलियाचे आणि युरोपचे, दोन्ही मानके स्वीकारते. अमेरिकी मानकाच्या आसनावर त्या देशाचे ‘एस’ चिन्ह असेल तर तेही चालते.

भारत १९९८ च्या दुसऱ्या करारात २००६ मध्ये सामील झाला. १९५८ च्या करारात तो नाही. १९९८ च्या करारात तांत्रिक नियमांची जुळवणी अपेक्षित असते, परस्परांच्या मान्यता स्वीकारण्याचे बंधन नसते. बालआसनांसाठीचे ‘एआयएस-०७२’ हे भारतीय मानक आर ४४ च्या धर्तीवर तयार झाले असले, तरी केवळ भारतीय मान्यतेच्या बळावर ते आसन लंडन वा स्टुटगार्टच्या रस्त्यावर कायदेशीर ठरत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या काही आसनांवर युरोपीय ‘ई’ चिन्हही असते. अशी आसने युरोपात वापरता येतील. अमेरिका, कॅनडा वा ऑस्ट्रेलियात नाही.

फरक केवळ कागदावरचा नाही. अमेरिकी आसनांवर छातीपाशी पट्टे एकत्र धरणारी चिमटी असते. युरोपीय नियमांत मुलाला एकाच कृतीने सोडवता आले पाहिजे, यावर भर असल्याने तेथील आसनांवर ती सहसा दिसत नाही. प्रत्येक व्यवस्थेने मोटारीतील खुंट्या, पट्टे आणि आसन यांची सांगड आपल्या परीने घातली आहे. एकीतला भाग दुसरीत बसवला की ती सांगड तुटते.

आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही आसन

भारतीय पालकांची दुसरी गफलत वयाबाबत होते. ‘बेबी सीट’ म्हणजे तान्ह्या मुलाचे आसन, ही समजूत घेऊन गेलेल्या कुटुंबाला तिसरी-चौथीतल्या मुलासाठीही आसन लागते, हे ऐकून आश्चर्य वाटते.

ब्रिटनमध्ये मूल १२ वर्षांचे होईपर्यंत किंवा त्याची उंची १३५ सेंटिमीटर होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, बालआसन आवश्यक आहे. उल्लंघनाबद्दल ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. जर्मनीत १२ वर्षांखालील आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना हा नियम लागू आहे. मुलाला नुसता सीटबेल्ट लावला, पण योग्य आसन नसेल तर ३० युरो, आणि मूल अजिबात बांधलेले नसेल तर ६० युरो दंड व चालकाच्या नावे एक दोषांक नोंदवला जातो. अमेरिकेत आसनाचे मानक देशभर एकच असले तरी वापराचे नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात दोन वर्षांखालील मुलाला मागे तोंड करून बसवावे लागते. त्याचे वजन ४० पौंड किंवा उंची ४० इंच झाली असेल तरच सूट मिळते. तेथे आठ वर्षांखालील मुलांना मागच्या बाकावर बालआसन वा बूस्टर लागते. उंची चार फूट नऊ इंच झालेल्यांना त्यातून सूट आहे. नोकरीनिमित्त राज्य बदलणाऱ्या कुटुंबाला म्हणूनच नवे नियम पुन्हा वाचावे लागतात.

ऑस्ट्रेलियात सहा महिन्यांपर्यंत मागे तोंड असलेले आसन, चार वर्षांपर्यंत अंगभूत पट्ट्यांचे आसन आणि सात वर्षांपर्यंत तसे आसन वा बूस्टर, अशा पायऱ्या आहेत. सिंगापूरमध्ये १.३५ मीटर ही उंचीची मर्यादा आहे. संयुक्त अरब अमिरातीत चार वर्षांपर्यंतच्या मुलांना बालआसन सक्तीचे असून उल्लंघनाला ४०० दिऱ्हॅम दंड आहे.

उंचीच्या अटीमागे शरीररचनेचा विचार आहे. मोटारीचा पट्टा प्रौढांच्या मापाने बसवलेला असतो. तो खांद्याच्या हाडावरून आणि कमरेच्या हाडावरून गेला तरच रक्षण करतो. लहान मुलाच्या बाबतीत तोच पट्टा मानेवर आणि मऊ पोटावर येतो. बूस्टर मुलाला उंच करून पट्टा योग्य जागी आणतो. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. म्हणून धडकेचा जोर पाठ, मान आणि डोके यांवर सारखा वाटला जावा, यासाठी त्याला मागे तोंड करून बसवतात. आर १२९ नुसार ही बैठक किमान १५ महिन्यांपर्यंत बंधनकारक आहे. अशा आसनासमोर एअरबॅग सुरू असेल तर ती उघडताना बाळाच्या जिवावर बेतू शकते. पुढच्या बाकावर तसे बसवण्यास ब्रिटनसह अनेक देशांत मनाई आहे, ती त्यामुळेच.

विमानतळ ते घर

अडचण पहिल्याच प्रवासात येते. कुटुंबाकडे अजून मोटार नाही, आसन नाही आणि घर तासाभराच्या अंतरावर आहे. ब्रिटनमध्ये टॅक्सी वा मिनीकॅबच्या चालकाने आसन पुरवले नसेल तर मुलांना मागच्या बाकावर आसनाविना नेता येते. सिंगापूरमध्ये टॅक्सीला सवलत आहे. पण ॲपवरून मागवलेल्या खासगी भाड्याच्या मोटारीला ती नाही. फरक मोटारीच्या परवान्याचा असल्याने नवख्या प्रवाशाच्या तो लक्षात येत नाही.

अशी सवलत म्हणजे दंडापासूनची सूट. सुरक्षिततेची हमी नव्हे. रेल्वे वा बसचा पर्याय असेल तर तो घेणे, भाड्याच्या मोटारीसोबत आसन आगाऊ नोंदवणे किंवा तेथील परिचिताला नियमानुसारचे आसन घेऊन बोलावणे, हे मार्ग निघण्यापूर्वीच ठरवावे लागतात. प्रसूती परदेशात होणार असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अमेरिकेतील अनेक रुग्णालये बाळाला मोटारीने घरी नेण्यापूर्वी आसन आहे की नाही, याची विचारणा करतात.

मांडीवरचे मूल

नियमांपेक्षा अवघड आहे ती सवय. भारतात मूल आईच्या मांडीवर वा आजोबांच्या कुशीत प्रवास करते आणि त्यालाच माया समजले जाते. परदेशी नातवंडांकडे गेलेल्या आजी-आजोबांना रडणाऱ्या बाळाला आसनातून उचलू नका, असे सांगणे मुला-सुनेला जड जाते. पण गणित निष्ठुर आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची धडक ही सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखी असते. मोटार अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली तर दहा किलोचे मूल त्या क्षणी सुमारे दोनशे किलोचा ओढ देते. ते हातांनी धरून ठेवणे कोणालाही शक्य नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या अभ्यासानुसार, योग्य आसनामुळे मोटारीतील एक वर्षाखालील बालकांचा मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, तर एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी घटतो.

भारतात कायदा नाही, असे नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४-ब १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट वा बालआसनाने सुरक्षित केले नाही तर चालकाला एक हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. मात्र ‘सीटबेल्ट वा बालआसन’ या शब्दयोजनेतच उणीव आहे. दोन वर्षांचे मूल आणि तेरा वर्षांचा किशोर यांच्यात हे कलम वय, उंची वा वजनाने भेद करीत नाही. दंडाची कारवाईही मुख्यतः हेल्मेट, सिग्नल आणि पुढच्या बाकावरील पट्ट्याभोवती फिरते. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात अपघाती मृत्यू झाल्यानंतर मागच्या बाकावरील पट्ट्याची देशभर चर्चा झाली. त्या चर्चेत मुले फारशी आली नाहीत.

ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ मूल्यांकनात बालप्रवाशांच्या सुरक्षेला ४९ गुण आहेत. यांतील काही गुण दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या प्रतिकृती बालआसनात बसवून घेतलेल्या चाचण्यांवर अवलंबून असतात. पाच तारे पाहून मोटार घेतली आणि मूल मांडीवरच ठेवले, तर त्या ताऱ्यांचा मुलाला लाभ नाही.

काय न्यावे, काय नेऊ नये

या साऱ्यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष सरळ आहे. अमेरिका, कॅनडा वा ऑस्ट्रेलियाला जाताना भारतातील आसन नेण्यात अर्थ नाही. ते तेथेच घ्यावे. ब्रिटन वा युरोपीय संघात ‘ई’ चिन्हाचे आसन चालेल. पण मोटार बदलणार असल्याने ते नव्या मोटारीत नीट बसते का, हे पाहावे लागेल. युरोपीय संघात १ सप्टेंबर २०२४ पासून आर ४४ नुसारची नवी आसने विकता येत नाहीत, घेतलेली मात्र वापरता येतात. लवकरच मोठे होणाऱ्या मुलासाठी जुन्या नियमाचे आसन इथून विकत घेऊन नेण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

परदेशातील परिचित कुटुंबाकडून मिळालेले जुने आसन खर्च वाचवते; पण त्याचा इतिहास माहीत असेल तरच ते घ्यावे. अपघातात सापडलेले वा मुदत संपलेले आसन बाहेरून धडधाकट दिसले तरी निरुपयोगी असू शकते. थंड प्रदेशात गेलेल्यांसाठी आणखी एक सूचना महत्त्वाची आहे : जाड कोट घालून मुलाला पट्ट्यात अडकवू नये. धडकेत कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टा आवळावा, मग वरून पांघरूण घालावे. अमेरिकेत आसन योग्य बसवले आहे की नाही हे तपासून देणारे प्रशिक्षित तंत्रज्ञ अनेक ठिकाणी विनामूल्य उपलब्ध असतात. नवख्या कुटुंबांनी ही सोय अवश्य वापरावी.

निघण्यापूर्वी भारतात करण्याजोगी खरी तयारी खरेदीची नाही. मुलाची उंची आणि वजन अचूक मोजून ठेवणे, जाणाऱ्या राज्याचा वा प्रांताचा नियम वाचणे आणि मुलाला काही आठवडे आधीपासून पट्ट्यात बसण्याची सवय लावणे, एवढे पुरेसे आहे. सवय नसलेले तीन वर्षांचे मूल परक्या देशातल्या पहिल्या प्रवासात पट्ट्याविरुद्ध आकांत करते आणि दमलेले पालक ‘आजच्या दिवस’ म्हणून त्याला सोडवतात. धोका नेमका तिथे असतो.

धोरणकर्त्यांसाठीही यात काम आहे. कलम १९४-ब खाली उंची वा वयाच्या स्पष्ट पायऱ्या आखणे, टॅक्सी सेवांना मागच्या बाकावरील पट्टे वापरण्याजोगे ठेवायला लावणे आणि प्रसूतीगृहांतून पालकांना माहिती देणे, यांसाठी नव्या कायद्याची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. परदेशात दंडाच्या भीतीने जे कुटुंब रोज मुलाला पट्ट्यात बसवते, तेच सुटीत मुंबई वा नागपूरच्या विमानतळाबाहेर येताच त्याला पुन्हा मांडीवर घेते. मुलाचे शरीर तेच असते आणि धडकेचा जोरही तोच. बदलते ते केवळ आजूबाजूच्यांचे वागणे. ते बदलण्याची जबाबदारी पालकांइतकीच अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणांवरही आहे.