नांदूरघाट स्टेशनचा फोटो

सुरुवातीलाच सांगून टाकतो. नांदूरघाटला रेल्वे स्टेशन नाही. आज नाही, आणि इंग्रजांच्या किंवा निजामाच्या काळातही नव्हतं. गेल्या दिवाळीपासून तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाईलवर एक फोटो फिरतोय. दगडी फलाट, छोटंसं काळं इंजिन, 'नांदूरघाट' अशी पाटी आणि मागं आपला ओळखीचा डोंगर. तो फोटो मी काढलाय, आमच्या गच्चीवर. आणि ते स्टेशन आठ फूट लांब, दोन फूट रुंद आहे.

हसून झालं असेल तर पुढचं ऐका. कारण मला स्वतःला या प्रकरणात हसू कमी आलं आणि अपराधी जास्त वाटलं.

आमच्या गावाच्या नावाची एक गंमत आहे. ते उलटं केलं की स्टेशन मिळतं! घाटनांदूर, तालुका अंबाजोगाई. परळी वैजनाथहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लाईनवर आहे. आम्ही नांदूरघाट, तालुका केज. दर लग्नसराईत एखादा पाहुणा 'स्टेशनवर घ्यायला या' असा फोन करतो आणि मग त्याला शांतपणे समजवावं लागतं, की बाबा रे, ते नांदूर वेगळं. लहानपणी मला याचा भारी राग यायचा. नावातले शब्द तेच, मग गाडी त्यांनाच का?

तर हे बालपणीचं दुखणं, आणि त्यात शिकायला पुण्यात असताना पाहिलेलं कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं आणि १९९८ साली लोकांसाठी उघडलेलं. सिग्नल पडतायत, फाटक बंद होतंय, गाड्या एकमेकींना वाट देतायत. मी वेड्यासारखा उभा होतो. बाहेर पडलो तेव्हा ठरलं होतं की आपणही एक करायचं. ते प्रत्यक्षात यायला वीसएक वर्षं गेली ती सोडा. (नोकरी, लग्न, घराचं बांधकाम.. तुम्हाला सांगायला नको.)

करायचं ठरल्यावर पहिला प्रश्न, कुठली रेल्वे? इथं थोडं गणित आहे, पण मजेचं आहे. या छंदात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, एकास सत्याऐंशी. त्याचे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे मिळतात, कारण युरोप-अमेरिकेतले खरे रूळ १४३५ मिलिमीटरचे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागलं तर सव्वाएकोणीसच्या वर जाते. म्हणजे आपली गाडी या तयार रुळांवर ठेवली की ती जवळजवळ तीन मिलिमीटरनं खोटी पडते. डब्याची रुंदी बरोबर, खालची चाकं मात्र आत ओढलेली. एकदा लक्षात आलं की मग डोळ्यांना तेच खुपत राहतं.

आणि मग आठवली बार्शी लाईट. अडीच फुटी गेज, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा. पावणेनऊ! आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. फरक फक्त पाव मिलिमीटरचा. इतक्या हिशेबानंतर मी घरात मोठ्यानं ओरडलो, तेव्हा आईला वाटलं लॉटरी लागली.

बार्शी लाईट मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी असा पहिला २१ मैलांचा तुकडा सुरू केला. त्याची युक्ती साधी होती. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन पडू द्यायचं नाही, मग रूळ हलके चालतात आणि खर्च कमी होतो. म्हणूनच लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या तिच्या इंजिनांना एवढ्याशा अंगाला आठ मोठी चाकं होती. ती लाईन १९११ मध्ये लातूरला पोचली, १९२७ मध्ये मिरजेला. सगळी मिळून २०२ मैल. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली आणि कुर्डुवाडी-लातूर भागाची ब्रॉडगेज २००७-०८ मध्ये झाली. आमच्या केज-कळंबकडच्या लोकांचं तिच्यावरचं स्टेशन म्हणजे कळंब रोड. (रेल्वेच्या नावात 'रोड' असलं की समजायचं, गाव अजून लांब आहे.)

बांधकामाचं फार लांबवत नाही. माडीवर प्लायवूडचा पाट. जमिनीसाठी आमच्याच शेतातली माती, पण वस्त्रगाळ केलेली. आपल्याला बारीक वाटणारा वाळूचा कण या प्रमाणात फुटबॉलएवढा दिसतो. रुळाखालची खडी म्हणजे चाळणीतून तीनदा काढलेला मुरूम. बाभळी खऱ्या बाभळीच्याच बारीक मुळ्यांच्या. डबे लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे, या कामी आमच्या भावकीनं भरपूर कच्चा माल पुरवला. गाडी बारा व्होल्टवर चालते. त्यामुळे लाईट गेली की मोटारसायकलची बॅटरी जोडतो आणि वीज नसलेल्या गावात माझी गाडी वेळेवर सुटते. इंजिनाचं खालचं यंत्र जुनं विकत घेतलेलं, त्याला सहाच चाकं आहेत. आठ हवी होती. पण जे मिळालं त्यावर भागवलं.

आणि स्टेशनच्या पाटीवर काय लिहायचं? खरं तर 'कळंब रोड' लिहायला हवं होतं. पण ब्रश हातात घेतल्यावर लहानपणचा राग आठवला आणि मी लिहिलं, 'नांदूरघाट'. माझ्या घरातलं माझं स्टेशन, कुणाची हरकत असणार?

आता फोटो. मॉडेलचा फोटो बहुतेक वेळा मॉडेलचाच दिसतो, त्याची कारणं दोनतीनच. आपण वरून काढतो, घारीसारखा. पण साडेपाच फुटी माणूस या प्रमाणात दोन सेंटिमीटरही भरत नाही, त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम १८ मिलिमीटरवर. कॅमेरा तिथं न्यायला हवा. मोबाईल उलटा धरून टेकवला की त्याची भिंग असलेली बाजू खाली येते आणि हे जमतं. दुसरं म्हणजे जवळून काढलेल्या फोटोत पुढचं स्पष्ट आणि मागचं धूसर येतं, आणि त्यावरूनच डोळा ओळखतो की वस्तू छोटी आहे. त्यावर उपाय म्हणजे कॅमेरा न हलवता दहा-पंधरा फोटो काढायचे, प्रत्येकात फोकस थोडा मागं सरकवायचा, आणि संगणकावर त्यांचा एक करायचा. तिसरं म्हणजे उजेड. खोलीत दोन दिवे लावले की प्रत्येक गोष्टीला दोन सावल्या पडतात आणि सोंग उघडं पडतं. जगात सूर्य एकच आहे. म्हणून मी पाट उचलून गच्चीवर नेला, दुपारी साडेचारला. मागं कागदी आकाश नको, खरंच आकाश. आणि खरा बालाघाटाचा डोंगर.

फोटो असा काही आला की मीच दचकलो. थोडा पिवळट केला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली काहीच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मजा गेली असती ना!

आता वेळ कुठली होती ते लक्षात घ्या. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला पहिली गाडी आली. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर)-बीड-परळी मार्ग १९९५ साली मंजूर झाला, पहिला तुकडा आष्टीपर्यंत २०२२ मध्ये सुरू झाला आणि बीड गाठायला तीस वर्षं लागली. एवढी वाट पाहिलेल्या जिल्ह्यात सगळ्यांच्या डोक्यात रेल्वेच होती. माझा फोटो घरच्या ग्रुपवरून भावकीच्या, तिथून गावाच्या ग्रुपवर गेला. पाचव्या दिवशी तो माझ्याकडेच परत आला, खाली मजकुरासकट. 'आपल्या नांदूरघाटला इंग्रजांच्या काळात रेल्वे होती, ती उखडून नेली. हा अन्याय किती लोकांना माहीत आहे?'

मी चहा पिता पिता वाचलं आणि चहा तसाच राहिला.

तरीही गप्पच राहिलो, हे कबूल करतो. मनातून थोडं बरंही वाटत होतं. आपलं काम इतकं हुबेहूब! गप्प बसणं मोडलं ते नानांमुळं. नाना म्हणजे आमचे चुलत आजोबा, वय ८३. त्यांच्या नातवानं त्यांना फोटो दाखवला आणि नाना म्हणाले, "व्हय, हुती की गाडी. म्या शिट्टी ऐकलीय तिची. आईच्या कडंला हुतो."

हे ऐकलं आणि पोटात खड्डा पडला. दुसऱ्याच दिवशी नानांना माडीवर घेऊन आलो. जिना चढताना दोनदा बसले. पाट बघितला, पाटी वाचली, बाभळीला बोट लावून बघितलं. मी गाडी सुरू केली. ती फिरून आली तोवर काही बोलले नाहीत.

"हेच का रं ते?"

"हेच नाना. चूक झाली माझी. गावाला गाडी कधीच नव्हती."

"मग शिट्टी कुठली ऐकली रं म्या?"

मग आम्ही दोघं बसून ती शिट्टी शोधत राहिलो. बराच वेळ लागला. पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी आषाढीला आईबरोबर पंढरपूर. गावातून बैलगाडी, कळंबला मुक्काम, पुढं आणखी चाल, आणि रात्री स्टेशनात पोत्यावर झोपलेले असताना अंधारातून आलेली ती शिट्टी. नाना घाबरून रडले होते आणि आईनं पदराखाली घेतलं होतं. ती शिट्टी कळंब रोडची होती. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं ती तिथंच, त्या अंधारात, आईच्या पदराखाली होती. माझ्या फोटोनं ती पाच दिवसांत उचलून नांदूरघाटला आणून ठेवली. बैलगाडी गेली, मुक्काम गेला, आणि आई पंढरीला निघाली होती हेही जवळजवळ गेलंच होतं.

माझा मुद्दा एवढाच आहे. न झालेलं स्टेशन बांधण्यात काहीही गैर नाही. आपल्या पाटावर आपण हवं ते बांधावं, गावाला नसलेली रेल्वे द्यावी, तळं द्यावं, पाऊस द्यावा. पाट घरात असतो. बघणाऱ्याला कडेची फळी दिसते, खालच्या वायरी दिसतात. फोटोत आपण नेमक्या त्याच गोष्टी चौकटीबाहेर ठेवतो. मग फोटो घराबाहेर पडतो आणि साक्ष देत फिरतो. ज्या जिल्ह्यानं गाडीसाठी तीस वर्षं वाट पाहिली त्याच्याकडं खऱ्या तक्रारींचा तुटवडा नाही. त्यात माझी एक खोटी घातली, तर उद्या खरीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

आक्काचं म्हणणं वेगळं आहे, तेही सांगितलं पाहिजे. ती म्हणते, "म्हातारा खूश झाला होता, राहू द्यायचं होतंस. कुणाचं काय नुकसान झालं? आता तर यंत्रं मिनिटाभरात असले शंभर फोटो करतात, तुझ्या एकट्यानं काय होणार आहे?" शेवटचा भाग खरा आहे. पण यंत्राचा फोटो कुणाच्या नजरेसमोर आणायचा आणि कुणाच्या नाही, ते माझ्या हातात नाही. माझा फोटो माझ्या हातात होता. नानांच्या खुशीबद्दल म्हणाल, तर ती शिट्टी सापडल्यावर त्यांच्या तोंडावर जे होतं ते आक्कानं बघितलं नाही, मी बघितलं.

म्हणून आता एक नियम केलाय. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फोटोत फलाटावर एक काडेपेटी ठेवायची. चांगली ठसठशीत दिसते. फोटो बिघडतो हे मान्य. पण पुसायची म्हटली तर पुसणाऱ्याला थोडे कष्ट पडतील आणि आपण काय करतोय ते त्याला कळेल. गावाच्या ग्रुपवरही सगळं लिहून टाकलं. तिघांनी शाबासकी दिली, एकानं विचारलं 'मग रूळ नेले कुणी?'.. असो.

पाटी मात्र बदलली नाही. बदलणार होतो, नानांनीच अडवलं. "ऱ्हाऊ दी," म्हणाले, "आपल्या गावाला एवढं तरी आसू दी." फक्त पाटाच्या दुसऱ्या टोकाला मी आता आणखी एक छोटा फलाट करतोय. कळंब रोड. त्यावर पोत्यावर झोपलेलं एक पोरगं आणि शेजारी एक बाई, दोघं मिळून दीड सेंटिमीटर जागेत. पदराचा रंग नानांना विचारलाय. आठवून सांगतो म्हणालेत.