खांब ओढूनही पाहा

पाया म्हटला की वरचे ओझे पेलणे एवढेच डोळ्यांपुढे येते. काही पायांची खरी कसोटी मात्र उलटी असते: वर उपटले न जाणे. वादळात विजेचा मनोरा झुकू लागला की त्याचे एका बाजूचे पाय जमिनीत दाबले जातात, दुसऱ्या बाजूचे वर ओढले जातात. भूकंपात बंदराच्या धक्क्याखालील पाइलवर, म्हणजे जमिनीत खोलवर बोअर घेऊन भरलेल्या काँक्रीटच्या खांबांवर, अशीच ओढ येऊ शकते.

वाढवणला हा प्रश्न पुस्तकी नाही. सुमारे ७६ हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्याच डहाणू तालुक्याने आणि शेजारच्या तलासरीने नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सोसली आहे.

पाइल दाबला जातो तेव्हा तळाच्या कातळाचा टेकू मिळतो. ओढला जातो तेव्हा उरते फक्त बाजूचे घर्षण आणि त्याचे स्वतःचे वजन. पाण्यात वजनही घटते. एक मीटर व्यासाचा, २० मीटर लांबीचा पाइल सुमारे ३९ टनांचा. समुद्राच्या पाण्यात तो जेमतेम २३ टनांचा धरावा लागतो. घर्षण आणखी बेभरवशाचे. चिखल, मुरूम, भेगाळ कातळ यांची पकड वेगवेगळी. बोअरच्या भिंतीवर बेंटोनाइटचा जाड थर राहिला तर ती ढिली होते, वारंवार हादऱ्यांनीही कमी होऊ शकते.

म्हणूनच पाइलसाठीचे भारतीय मानक २९११ सांगते: ओढून चाचणी घेतली असेल तर सुरक्षा गुणक २, नसेल तर ३. म्हणजे चाचणीविना, गणिताने काढलेल्या ताकदीचा तिसरा हिस्साच भरवशाचा. ‘गुणक मोठा धरलाय, मग चाचणी कशाला?’ हा युक्तिवाद मला पटत नाही. गुणक अंदाजातली चूक झाकतो, दाखवत नाही.

प्रत्येक पाइल ओढून पाहणे अशक्य आहे. पण जमिनीचा थर बदलेल तिथे एक तरी चाचणी व्हावी, मुख्य काम सुरू होण्याआधी व्हावी आणि तिचे निष्कर्ष मराठीत जाहीर व्हावेत. बंदर हवे की नको, हा मच्छीमारांचा लढा त्याने मिटणार नाही. पण ज्यांनी हादऱ्यांच्या भीतीने रात्री घराबाहेर काढल्या, त्यांना ‘सगळे सुरक्षित आहे’ एवढे सांगून भागणार नाही. किती टन ओढीला खांब किती मिलिमीटर उचलला, तो आकडा त्यांच्यासमोर ठेवा.