हाता-तोंडाशी आलेली धावपट्टी

पावसाळ्यात मुंबईला विमानाने येणाऱ्याला हा अनुभव आज ना उद्या येतोच. पट्टे आवळलेले असतात, खाली घाटकोपर-कुर्ल्याची छपरे आणि त्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या मोजता येतील इतक्या जवळ आलेल्या असतात. कुणी हळूच चपला शोधू लागलेला असतो. एवढ्यात यंत्रे एकदम गर्जना करतात, पाठ खुर्चीला चिकटते आणि ताडपत्र्या ढगाखाली नाहीशा होतात. मग कुणी रामरक्षा पुटपुटू लागतो. कुणी 'पायलट नवशिका दिसतो' असा निकाल देऊन मोकळा होतो.

वैमानिकांच्या बोलीत याला 'गो अराउंड' म्हणतात. मराठीचा अध्यापक असल्यामुळे प्रतिशब्दाचा मोह मला आवरत नाही. 'अवतरणभंग' असा एक भारदस्त शब्द मी घरात उच्चारून पाहिला. पण मंडळींनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की आपला साधा 'फेरा' बरा.

तर हा फेरा म्हणजे नवशिकेपणा नव्हे. विमान साधारणपणे तीन अंशांच्या उतारावरून, दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट अशा बेताने खाली येते. ढगाळ हवेत जमिनीपासून १००० फुटांवर येईपर्यंत वेग, दिशा, उतरण्याचा दर, चाके असे सारे जागच्या जागी बसलेले असावे, असा बहुतेक कंपन्यांचा दंडक आहे. ही घडी बसली नसेल, तर फेरा. नेहमीच्या यांत्रिक मार्गदर्शनावर उतरताना २०० फुटांवरही धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तरी फेरा. तिथून जमीन अवघी पंधरा-वीस सेकंदांवर असते. म्हणून विचार आधीच करून ठेवलेला असावा लागतो. पुढे दुसरे विमान धावपट्टीवर रेंगाळले असेल, तर खालचा मनोराच फेऱ्याचा हुकूम देतो.

हुकूम सुटला की यंत्रांचा जोर वाढवायचा, नाक वर करायचे, पंखांच्या झडपा एक पायरी मिटायच्या आणि विमान खरोखरच वर चढते आहे अशी खात्री झाली की चाके पोटात घ्यायची. मग ठरलेली वाट धरायची, आणि त्यानंतर मनोऱ्याशी बोलायचे. प्रवाशांचा नंबर सगळ्यांत शेवटी. पाच-पाच मिनिटे कुणी चकार शब्द बोलत नाही, याचा आपल्याला राग येतो. पण त्या वेळी बोलत बसणारा वैमानिक मला तरी नको. इंधनाचाही हिशेब आधीच झालेला असतो. एक फेरा, दुसऱ्या विमानतळापर्यंतची मजल आणि त्यावर अर्ध्या तासाच्या घिरट्या, एवढी शिदोरी सामान्यतः बरोबर असतेच.

मग अडते कुठे? अडते माणसाच्या मनात. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने या गोष्टीचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की घडी न बसलेल्या शंभर अवतरणांपैकी जेमतेम तिनांत वैमानिक फेरा घेतात. बाकीचे तसेच रेटून नेतात आणि बहुतेकदा सुखरूप उतरतातही. खरा घात तिथेच आहे. दरवेळी निभावले की निभावण्याचीच सवय लागते. शिवाय धावपट्टी डोळ्यांसमोर दिसत असताना हाता-तोंडाशी आलेला घास सोडायचा, हे मनुष्यस्वभावाला जडच जाते.

२२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला आलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाचे असेच झाले. डोंगरमाथा सपाट करून केलेली धावपट्टी, पुढे दरी. मुख्य वैमानिक वाटेत दीड तासाहून अधिक झोपलेला होता. विमान असायला हवे त्यापेक्षा फार उंच राहिले. शेजारच्या उपवैमानिकाने तीनदा सांगितले, 'गो अराउंड'. विमान उतरलेच, तेही सुमारे ८००० फुटांच्या धावपट्टीतले ५२०० फूट मागे टाकून. मग, चाके टेकल्यावर, मुख्य वैमानिकाने पुन्हा उडण्याचा प्रयत्न केला. १६६ माणसांपैकी ८ वाचली. त्या क्षणी उडू न पाहता करकचून ब्रेक लावले असते, तरी विमान थांबले असते, असे चौकशीत निघाले. वेळेवरचा फेरा तारतो आणि अवेळीचा मारतो, तो असा.

भाषेच्या दृष्टीने मला एक गोष्ट लक्षणीय वाटते. आपल्या मराठीत 'फिर', 'फिरा' आणि 'फिरावे' असे तीन मान आहेत. धाकट्याने थोरल्याला सांगायचे तर तो बहुधा 'साहेब, एक फेरा मारू या का?' असे विचारील, आणि तेवढ्यात धावपट्टी संपेल. इंग्रजीतले ते दोन शब्द मात्र थोरामोठ्यांसाठी बदलत नाहीत. ते कुणीही उच्चारले तरी दुसऱ्याने तत्काळ ऐकायचे, असाच बहुतेक ठिकाणचा नियम आहे. पण शब्द कितीही मोकळा असला, तरी शेजारी बसलेली ज्येष्ठता काही कॉकपिटच्या दाराबाहेर राहत नाही.

७ ऑगस्ट २०२० ची कोळिकोडची रात्र तर अधिकच चटका लावणारी. पाऊस मुसळधार, डोंगरावरचीच धावपट्टी. करोनाच्या दिवसांत दुबईहून माणसे घरी परतत होती. त्याच विमानाने त्याच रात्री पहिल्या खेपेला रीतसर फेरा घेतलेला होता. दुसऱ्या खेपेला, वारा पाठीशी असताना, ते जवळजवळ अर्धी धावपट्टी ओलांडून टेकले. उपवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटले होते, ते इथेही वाया गेले. दोन्ही वैमानिकांसह २१ माणसे गेली.

त्या अपघाताच्या अहवालात एक वाक्य असे आहे, की ते वाचून मी थबकलो. ठपका केवळ न ऐकणाऱ्यावर ठेवलेला नाही. नुसते सांगून उपवैमानिक थांबला, विमान आपल्या हाती घेऊन त्याने फेरा घेतला नाही, हेही कारणांतच मोजले आहे. आपल्याकडे धाकट्याने सांगितले, इथेच त्याचे कर्तव्य संपते. पुढचे थोरांनी पाहायचे! विमानविद्येत मात्र दोनदा सांगूनही उत्तर आले नाही, तर धाकट्याने तिसऱ्यांदा सांगत बसायचे नसते. 'आय हॅव कंट्रोल' एवढेच म्हणायचे आणि विमान वर न्यायचे. जमिनीवरच्या नकली कॉकपिटांत हल्ली तरुण पोरापोरींकडून हे घोटून घेतात. बाजूला मुद्दाम एक न ऐकणारा, केस पिकलेला साहेब बसवतात म्हणे.