न्यायमित्र कोणाचे?

सुरगाण्याच्या आठवडे बाजारात शेअरचा भाव कोणी विचारीत नाही. भात, नागली आणि वरई पिकविणाऱ्या या वनवासी तालुक्याचा दलाल स्ट्रीटशी संबंध तो काय, असे कोणीही म्हणेल. परंतु येथील विमाधारकाचा हप्ता आयुर्विमा महामंडळाकडे जातो, आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमल्या गेलेल्या शिक्षकांच्या वेतनातून निवृत्तिवेतनासाठी कपात होते. या दोन्ही पैशांतील काही भाग शेअर बाजारात गुंतविला जातो. मालकाला ठाऊक नसलेली अशी ही भागीदारी आहे.

७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटरचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबातील सात हजार कोटींहून मोठ्या लबाडीची कबुली दिली. तेव्हा आयुर्विमा महामंडळ त्या कंपनीचे मोठे भागधारक होते. न्यूयॉर्कच्या बाजारात सत्यमच्या ठेवपावत्या घेतलेल्यांनी तेथे सामूहिक दावा लावला, आणि २०११ मध्ये कंपनीने साडेबारा कोटी डॉलर, तर तिच्या लेखापरीक्षकांनी २ कोटी ५५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. भारतीय गुंतवणूकदारांची संघटना मात्र ग्राहक आयोग आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या दारातून रिकाम्या हाताने परतली. फसवणूक एकच, फसविणारेही तेच. भरपाई मात्र परदेशी खरेदीदाराला!

अर्थात अमेरिकेतही ही वाट निर्वेध नाही. खोटे निवेदन प्रत्येक खरेदीदाराने वाचले होते, हे वेगवेगळे सिद्ध करावे लागत नाही. बाजारभावात ते उतरलेच असणार, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गृहीत धरले. सामूहिक दाव्याचा सारा डोलारा या एका खांबावर उभा आहे. हॅलिबर्टन प्रकरणात २०१४ साली हाच खांब काढून टाकावा म्हणून अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्ससारखी उद्योगसंघटना न्यायालयापुढे उभी राहिली. २०२१ च्या गोल्डमन सॅक्स प्रकरणातही ती कंपनीच्या बाजूने आली. स्वतः पक्षकार नसताना म्हणणे मांडणाऱ्याला तेथे 'न्यायालयाचा मित्र' म्हणतात. कोणाचा मित्र, हे निवेदन वाचल्यावर कळते. खांब टिकला, पण भावावर परिणाम झालाच नाही असे सुरुवातीलाच दाखविण्याची मुभा कंपन्यांना मिळाली.

अशा दाव्यांत वकिलांचेच खिसे भरतात, हा या संघटनांचा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. पण उपाय म्हणून दाव्याचे दारच लावून घेणे म्हणजे उंदीर झाले म्हणून कणगी जाळणे होय. शिवाय प्रत्येक उद्योजक लबाड नसतो. उलट, प्रामाणिक उद्योजकाला लबाडाच्या बचावासाठी आपल्या संघटनेचे नाव वापरले जाणे खटकले पाहिजे.

आपल्याकडे कंपनी कायदा, २०१३ मधील कलम २४५ ने सामूहिक दाव्याची सोय केली. ते अमलात यायला १ जून २०१६ उजाडले. शंभर भागधारक एकत्र आले तर कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे जाता येते, लेखापरीक्षकाकडूनही भरपाई मागता येते. परंतु शंभर अनोळखी माणसांना एकत्र आणायचे कोणी, आणि वकिलाचा खर्च सोसायचा कोणी? कलम वर्षानुवर्षे जवळजवळ न वापरताच पडून राहिले. आणि सुरगाण्याचा माणूस ज्या एका संस्थेत स्वतःच्या पायांनी जातो, त्या बँकिंग कंपन्यांना तर हे कलम लागूच नाही.